अमेरिकेतलं पायलट सर्टिफिकेट आणि को-पायलटचे तास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनाला उड्डाण शिकायला गेलेली मुलं-मुली आणि तिकडेच नोकरीला लागलेले पायलट यांना लॉगबुक भरताना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत. नियम अमेरिकेच्या एफएएचे, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचे आहेत. भारतात परत येणाऱ्यांसाठी लागणाऱ्या गोष्टी शेवटी दिल्या आहेत.

एफएएच्या कागदावर 'लायसन्स' हा शब्द का नसतो?

आपण बोलताना लायसन्स म्हणतो, अमेरिकन नियमांत मात्र त्याला सर्टिफिकेट म्हणतात. प्रायव्हेट, कमर्शियल (मोबदला घेऊन उडवण्यासाठी) आणि एटीपी (एअरलाइनच्या पातळीचं) या त्याच्या मुख्य पायऱ्या. त्यावर रेटिंग असतात: सिंगल इंजिन, मल्टी इंजिन, इन्स्ट्रुमेंट (केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्यासाठी), आणि १२,५०० पौंडांपेक्षा जड किंवा टर्बोजेट विमानांसाठी त्या-त्या मॉडेलचं टाइप रेटिंग. को-पायलटचं वेगळं सर्टिफिकेट नसतं. तुमच्याकडे कोणती पायरी आणि कोणतं रेटिंग आहे, त्यावरच उजव्या सीटवर बसून काय करता येईल आणि वहीत काय लिहिता येईल हे ठरतं.

'पीआयसी असणं' आणि 'पीआयसी लिहिणं' या दोन गोष्टी कशा?

एवढं एक नीट समजलं की निम्मे गोंधळ मिटतात. पीआयसी (पायलट इन कमांड) *असणं* म्हणजे त्या उड्डाणाची अंतिम जबाबदारी आणि अधिकार तुमच्याकडे असणं. एका उड्डाणात एका वेळी अशी एकच व्यक्ती असते. पीआयसी *लिहिणं* म्हणजे लॉगबुकाच्या त्या रकान्यात तास भरणं, आणि त्याचे नियम एफएएच्या नियमावलीतल्या कलम ६१.५१ मध्ये स्वतंत्रपणे दिले आहेत.

त्या कलमानुसार, ज्या विमानाचं रेटिंग तुमच्याकडे आहे ते तुम्ही एकट्याने हाताळत असाल, तर तेवढा वेळ तुम्ही पीआयसी म्हणून लिहू शकता. त्या वेळी कमांड शेजारच्याकडे असली तरी चालतं. उदाहरणार्थ, सेसना १८२ चं इंजिन २३० हॉर्सपॉवरचं आहे. २०० हॉर्सपॉवरच्या वरच्या इंजिनासाठी लागणारी हाय-परफॉर्मन्स एंडोर्समेंट (प्रशिक्षकाने लॉगबुकात दिलेली मंजुरी) नसेल, तर तुम्ही त्या विमानाचे पीआयसी होऊ शकत नाही. पण सिंगल इंजिनचं रेटिंग असेल आणि कंट्रोल तुमच्या हातात असतील, तर सीएफआय (उड्डाण प्रशिक्षक) शेजारी बसलेला असताना तो वेळ तुमच्या वहीत ड्युअल (प्रशिक्षकासोबतचा वेळ) म्हणूनही जातो आणि पीआयसी म्हणूनही.

को-पायलट म्हणून तास केव्हा लिहिता येतात?

दुसरा पायलट कुणीतरी *मागितलेला* असेल तेव्हाच. मागणारे दोनच आहेत: विमानाचं टाइप सर्टिफिकेट, किंवा ते उड्डाण ज्या नियमाखाली चाललंय तो नियम. दोघांपैकी कुणीच मागत नसेल, तर तुम्ही उजव्या सीटवर कितीही काम केलं तरी एसआयसीचा (सेकंड इन कमांड, म्हणजे को-पायलट) रकाना कोराच राहतो. एक अपवाद पुढे येतो.

मागणी असेल तर तुमची पात्रताही बघितली जाते. कॅटेगरी (विमान, हेलिकॉप्टर वगैरे) आणि क्लासचं (सिंगल किंवा मल्टी इंजिन) रेटिंग हवं, उड्डाणाला इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागत असेल तर तेही हवं, आणि तुम्ही क्रूच्या सीटवर बसलेले हवेत. टाइप सर्टिफिकेटच दोन पायलट मागत असेल तर त्यावर कलम ६१.५५ ची पात्रता येते. तिच्याविषयी पुढे.

विमानाला एक पायलट पुरतो की दोन लागतात, हे कुठे बघायचं?

फ्लाइट मॅन्युअलच्या 'लिमिटेशन्स' विभागात किमान क्रूची ओळ असते. तीच माहिती टाइप सर्टिफिकेट डेटा शीटवरही मिळते. कॉकपिटमध्ये सीट दोन आहेत आणि कंट्रोलही दोन आहेत, यावरून काहीच सिद्ध होत नाही. सेसना कॅरव्हान, पिलाटस पीसी-१२, किंग एअर २०० आणि सायटेशनजेट मालिकेतली सीई-५२५ ही विमानं एका पायलटसाठी प्रमाणित आहेत. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ला दोनच लागतात.

मालकाच्या किंग एअर २०० मध्ये उजवीकडे बसतो, रेडिओ आणि चेकलिस्ट मीच सांभाळतो. तास मिळतील?

उड्डाण खाजगी, म्हणजे पार्ट ९१ खाली असेल, तर एसआयसीचे तास मिळत नाहीत. विमान एका पायलटचं आहे आणि पार्ट ९१ ही तिथे दुसरा मागत नाही. विमा कंपनीने दुसरा पायलट हवाच म्हणून सांगितलं असलं तरी फरक पडत नाही, कारण विमा पॉलिसी म्हणजे एफएएचा नियम नव्हे. कितीतरी जणांची दोन-दोनशे तासांची बेरीज इथेच कोसळते.

यातून वाट आहे, आणि ती सरळ आहे. किंग एअर बी२०० चं कमाल टेक-ऑफ वजन बरोबर १२,५०० पौंड आहे, म्हणून त्याला टाइप रेटिंग लागत नाही. तुमच्याकडे मल्टी इंजिन रेटिंग असेल आणि कॅप्टनने एखादा लेग (उड्डाणाचा टप्पा) तुमच्या हातात दिला, तर तेवढा वेळ तुम्ही एकटे हाताळणारे म्हणून *पीआयसी* लिहू शकता. परतीचा लेग कॅप्टनने उडवला तर त्याचे तुमच्या वहीत शून्य तास. मोठ्या किंग एअर ३५० ला टाइप रेटिंग लागतं, त्यामुळे ते नसेल तर तिथे ही वाट बंद आहे.

चार्टर कंपनीत त्याच विमानाचे एसआयसी तास कसे मिळतात?

कारण तिथे नियम मागणी करतो. पार्ट १३५ (चार्टर उड्डाणांचे नियम) खाली आयएफआरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडवण्याच्या नियमांखाली, प्रवासी न्यायचे असतील तर कलम १३५.१०१ दुसरा पायलट मागतं. पायलटच्या सीट सोडून प्रवाशांच्या १० किंवा जास्त सीट असतील, तर कलम १३५.९९ सुद्धा मागतं.

अडचण येते ती ऑटोपायलटपाशी. कलम १३५.१०५ प्रमाणे कंपनीला दुसऱ्या पायलटऐवजी ऑटोपायलट वापरण्याची मंजुरी मिळू शकते. ते उड्डाण त्या मंजुरीवर चाललं असेल तर तुम्ही आवश्यक क्रू राहत नाही. कंपनीने ऑटोपायलटच्या जागी तुमची नेमणूक केली असेल तर तास तुमचे. म्हणून मुलाखतीतच विचारा: "माझं नाव आवश्यक एसआयसी म्हणून नेमलं जाणार का, आणि त्यासाठीचं ट्रेनिंग व चेक कंपनी देणार का?" उत्तर गुळमुळीत आलं तर ती नोकरी तासांसाठी धरू नका. फक्त माल नेणाऱ्या कॅरव्हानला कलम १३५.१०१ लागूच होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक मार्ग आहे, एसआयसी प्रोफेशनल डेव्हलपमेंट प्रोग्रामचा. ज्या चार्टर कंपनीला एफएएने ही मंजुरी दिली आहे, तिथे मल्टी इंजिन किंवा सिंगल इंजिन टर्बाइन विमानात, दुसरा पायलट एरवी लागत नसतानाही एसआयसी तास लिहिता येतात. मंजुरीचा कागद स्वतः वाचा, नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका.

सेफ्टी पायलटचे तास कसे लिहायचे?

अवर बिल्डिंगसाठी, म्हणजे तास वाढवण्यासाठी, दोन मित्रांनी मिळून विमान भाड्याने घ्यायचं, एकाने हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायचं झाकण) लावून उडवायचं आणि दुसऱ्याने सेफ्टी पायलट म्हणून बाहेर नजर ठेवायची, ही पद्धत कायदेशीर आहे. कलम ९१.१०९ म्हणतं की हूडखाली सराव चालू असताना दुसऱ्या कंट्रोल सीटवर किमान प्रायव्हेट सर्टिफिकेट आणि त्या कॅटेगरी-क्लासचं रेटिंग असलेला पायलट हवा. म्हणजे नियमाने दुसरा पायलट मागितला. पण ही मागणी *हूड लावलेला असतो तेवढ्या वेळापुरतीच* असते.

आकडे घेऊन बघू. सेसना १७२, होब्स मीटर (इंजिन चालल्याचा वेळ मोजणारं) २३१४.६ वरून २३१६.४ वर गेलं, एकूण १.८ तास. सोपं जावं म्हणून इथे होब्सचा आकडा तसाच धरला आहे. हूड १.४ तास होता.

हूडखाली उडवणारा लिहितो: एकूण १.८, पीआयसी १.८, सिम्युलेटेड इन्स्ट्रुमेंट १.४, लँडिंग १. शेऱ्यात सेफ्टी पायलटचं नाव लिहिणं त्याला बंधनकारक आहे.

सेफ्टी पायलट लिहितो: एकूण १.४, लँडिंग ०. हूडच्या वेळात कमांड त्याच्याकडे राहील असं दोघांनी उड्डाणाआधी ठरवलं असेल तर ते १.४ पीआयसीत जातात. ठरवलं नसेल तर एसआयसीत.

सर्रास होणारी चूक म्हणजे दोघांनीही १.८ लिहिणं. टॅक्सी, टेक-ऑफ आणि लँडिंगला हूड नसतो, त्यामुळे दोन्ही वह्यांत सारखाच आकडा दिसला की तपासणाऱ्याला वेगळा पुरावा लागत नाही.

कमांड घ्यायची तर सेफ्टी पायलट त्या विमानाचा पीआयसी होण्यास सर्वार्थाने पात्र हवा: २४ कॅलेंडर महिन्यांतला फ्लाइट रिव्ह्यू, मेडिकल, लागतील त्या एंडोर्समेंट, आणि आयएफआर फ्लाइट प्लॅन असेल तर चालू इन्स्ट्रुमेंट रेटिंग. वर दिलेल्या सेसना १८२ च्या उदाहरणात एंडोर्समेंट नसलेला मित्र सेफ्टी पायलट होऊ शकतो, तास मात्र एसआयसीत लिहील. भाड्याच्या विमानाच्या विम्यात त्याचं नाव चालतं का, हेही काउंटरवर विचारून घ्या.

सेफ्टी पायलटला क्रॉस-कंट्री लिहिता येते?

नाही. एफएएच्या कायदा विभागाने हे स्पष्ट केलेलं आहे: टेक-ऑफ आणि लँडिंग त्याने केलेलं नाही, तेव्हा कमांड त्याच्याकडे असली तरी क्रॉस-कंट्रीचा (दुसऱ्या ठिकाणापर्यंतच्या उड्डाणाचा) रकाना त्याचा नाही.

प्रायव्हेट सर्टिफिकेटवर को-पायलट म्हणून पैसे घेता येतात?

नाही. कलम ६१.११३ पीआयसीला आणि कलम ६१.११७ एसआयसीला मोबदला घेण्यापासून अडवतं. प्रवाशांसोबत खर्च वाटून घेता येतो, पण फक्त इंधन, ऑइल, विमानतळाचे आकार आणि भाडं एवढ्याचाच, आणि त्यातला तुमचा वाटा समान वाट्यापेक्षा कमी नसावा. फुकट मिळालेले उड्डाणाचे तास हासुद्धा मोबदलाच आहे, असं एफएए पूर्वीपासून मानते. 'पगार नको, तास द्या' हा सौदा प्रायव्हेट पायलटला महागात पडू शकतो.

कमर्शियल झाल्यावरही इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसेल तर पैसे घेऊन प्रवासी नेताना ५० नॉटिकल मैलांपलीकडची क्रॉस-कंट्री आणि रात्रीचं उड्डाण बंद असतं.

दोन पायलटच्या जेटवर को-पायलट व्हायला काय लागतं?

कलम ६१.५५. किमान प्रायव्हेट सर्टिफिकेट, योग्य कॅटेगरी-क्लास आणि आयएफआर असेल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग. त्याशिवाय गेल्या १२ कॅलेंडर महिन्यांत त्या विमानाच्या सिस्टिम, कामगिरी आणि मर्यादांची ओळख, स्वतः हाताळलेले ३ टेक-ऑफ आणि ३ फुल-स्टॉप (उतरून पूर्ण थांबलेले) लँडिंग, इंजिन बंद पडल्यावरच्या कृती आणि क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचं ट्रेनिंग. याची नोंद लॉगबुकात हवी. अमेरिकेबाहेर, अगदी बहामाजपर्यंत जायचं असेल तरी, 'फक्त एसआयसी' असा शेरा असलेलं टाइप रेटिंग काढून ठेवा. ते नसताना परदेशी रॅम्पवर (विमानं उभी करायच्या जागी) तपासणी झाली तर सगळं उड्डाण अडकतं.

एअरलाइनमध्ये एफओ (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट) म्हणून माझा लेग मी उडवतो. तो पीआयसी लिहू का?

टाइप रेटिंगवर 'फक्त एसआयसी'चा शेरा नसेल, तर ६१.५१ च्या शब्दांप्रमाणे हाताळलेला वेळ लिहिता येतो. तरीही आमचा ठाम सल्ला आहे की तो मुख्य पीआयसी रकान्यात मिसळू नका. एअरलाइनचे अर्ज पीआयसी विचारतात तेव्हा बहुधा विमानाची जबाबदारी सही करून घेतलेल्या कॅप्टनचे तास विचारत असतात. वहीत 'स्वतः हाताळलेले' असा वेगळा रकाना करा. दोन्ही बेरजा हाताशी राहतात आणि मुलाखतीत खुलासा करत बसावं लागत नाही.

लांब पल्ल्याच्या उड्डाणात बंकमध्ये विश्रांती घेतलेला वेळ एसआयसीत येत नाही, कारण त्या वेळी तुम्ही क्रूच्या जागेवर नसता.

ढगांतून जाताना दोघांनीही इन्स्ट्रुमेंट टाइम लिहायचा का?

जो विमान केवळ उपकरणांच्या आधारे चालवत होता त्यानेच. ऑटोपायलट लावून चालवणं चालतं. रेडिओवर असलेल्या साथीदाराला तो वेळ मिळत नाही, आणि तो अप्रोचही (उतरण्याआधीचा उपकरणांच्या आधारे केलेला टप्पा) त्याच्या वहीत जात नाही.

वेळ कुठून कुठपर्यंत मोजायची?

उड्डाणाच्या हेतूने विमान स्वतःच्या ताकदीने हललं तिथून, लँडिंगनंतर थांबलं तिथपर्यंत. म्हणजे टॅक्सी धरायची. होब्स मीटर बऱ्याच ट्रेनर विमानांत इंजिन सुरू होताच पळायला लागतं. उभं राहून इंजिन गरम करताना, जीपीएस भरताना ०.१ ते ०.२ सहज जातात. भाडं तुम्ही होब्सवर द्याल, पण वहीत तेवढा वेळ वजा करूनच लिहा.

रात्रीच्या तीन व्याख्या आहेत. विमानाचे दिवे सूर्यास्तापासून लावायचे. लॉगबुकातली रात्र सायंकाळचा सिव्हिल ट्वायलाइट (संधिप्रकाश) संपल्यावर सुरू होते. आणि प्रवासी नेण्यासाठी ९० दिवसांत लागणारे ३ रात्रीचे लँडिंग सूर्यास्तानंतर १ तासाने ते सूर्योदयाआधी १ तास या वेळातच मोजतात, तेही फुल-स्टॉप. संध्याकाळी घाईने तीन लँडिंग करून आलेल्या कित्येकांचे पहिले दोन याच कारणाने वाया जातात.

एटीपीच्या १,५०० तासांत को-पायलटचे तास किती धरतात?

नियमाने लिहिलेले एसआयसी तास कमर्शियल पायलटला एकूण १,५०० मध्ये धरता येतात. त्यातल्या २५० तासांसाठी मात्र पीआयसी, किंवा आवश्यक एसआयसी म्हणून कॅप्टनच्या देखरेखीखाली पीआयसीची कामं केलेला वेळ लागतो. शिवाय ५०० क्रॉस-कंट्री, १०० रात्रीचे आणि ७५ इन्स्ट्रुमेंट. मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या विमानचालनाच्या पदवीवर रिस्ट्रिक्टेड एटीपी १,००० तासांवर, असोसिएट पदवीवर १,२५० वर मिळू शकतो.

१२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळल्यावर अमेरिकन संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपीच्या पातळीचं सर्टिफिकेट लागू लागलं. त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास १,५०० च्या वर होते. आकड्याइतकंच ते तास कसे मिळवले यालाही वजन आहे, असं आम्ही म्हणतो ते म्हणूनच.

एटीपीवर 'आयसीएओची पीआयसी अनुभवाची अट पूर्ण नाही' असा शेरा पडू शकतो. आयसीएओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना. अमेरिकेबाहेर नोकरी शोधायची असेल तर कागद हातात आल्याबरोबर हा शेरा आहे का ते बघा. अट पूर्ण झाल्यावर तो काढून घेता येतो.

हे तास घेऊन भारतात आलो तर?

भारतीय सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्स) २०० तास लागतात, त्यातले १०० पीआयसी. २० तास पीआयसी म्हणून क्रॉस-कंट्री, आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर फुल-स्टॉप लँडिंग करून.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं: अमेरिकन कमर्शियलची लांब क्रॉस-कंट्री सीएफआयला सोबत घेऊनही करता येते. भारतासाठी ती पीआयसी म्हणून लागते, तेव्हा ती एकट्यानेच करा, आणि टच-अँड-गो न करता पूर्ण थांबा. दुसरं: ड्युअल आणि पीआयसी एकाच वेळी लिहिलेले किंवा सेफ्टी पायलट म्हणून लिहिलेले तास १०० च्या बेरजेत आणू नका. एकट्याने केलेले आणि खऱ्या कमांडचे तास वेगळे मोजून १०० भरतात का, ते परतीचं तिकीट काढण्याआधी बघा.

तिसरी चूक साधी आहे, पण सगळ्यात जास्त दिसते. अमेरिकेत तास दशांशात लिहितात, भारतात तास आणि मिनिटांत. १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं. त्याचं १:३० करून टाकणारे बरेच आहेत. प्रत्येक दशांश ६ मिनिटांचा. एका नोंदीत १२ मिनिटं जास्त लागली की दीडशे नोंदींत बेरीज कुठच्या कुठे जाते, आणि ती चूक फुगवलेल्या तासांसारखी दिसते.

चार्टरमध्ये एका पायलटच्या विमानावर एसआयसी केलं असेल तर आयसीएओचं परिशिष्ट १ ही वाचून ठेवा. एका पायलटसाठी प्रमाणित विमानात नियमाने को-पायलट लागत असेल, तर वरच्या पायरीसाठी त्या तासांपैकी जास्तीत जास्त ५० टक्के धरण्याची तिथली सर्वसाधारण मर्यादा आहे. मल्टी-क्रू पद्धतीने उडवलं असेल तर देश पूर्ण तास मान्य करू शकतो.

चुकीची नोंद झाली तर खोडायची का?

खोडायची नाही, व्हाइटनरही नको. एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. पुढच्या पानांच्या बेरजाही सुधारा. प्रामाणिक चूक अशी निस्तरता येते. जाणूनबुजून खोटी नोंद केली तर सर्टिफिकेट निलंबित किंवा रद्द होऊ शकतं, आणि ते फक्त त्या नोंदीपुरतं नव्हे, हातातली सगळीच सर्टिफिकेटं जाऊ शकतात.

शाळा सोडताना कोणते कागद घेऊन निघावं?

लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत, शाळेच्या शिक्क्यासह तासांचं प्रमाणपत्र, ट्रेनिंग रेकॉर्डची प्रत, आणि विमानाच्या डिस्पॅच किंवा बिलाच्या पावत्या. नोंदीतला तास खरा होता हे पुढे त्याच पावत्या दाखवतात. प्रत्येक ड्युअल नोंदीपुढे सीएफआयची सही आणि सर्टिफिकेट क्रमांक आहे ना, हे एका बैठकीत पानोपान तपासा. सीएफआय सहा महिन्यांत एअरलाइनला निघून जातात आणि मग सही मिळवायला जीव मेटाकुटीला येतो. सर्टिफिकेट खरं असल्याचं एफएएकडून डीजीसीएला (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) कळवायची विनंती ओक्लाहोमा सिटीतल्या एअरमन सर्टिफिकेशन शाखेकडे करावी लागते. ती अमेरिकेत असतानाच पाठवा.